वधूमायेची साडी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी ब्लाऊज शिवते, आणि ओळखीच्या घरचा बस्ता असला की सोबत दुकानातही जाते. तुळशीचं लग्न लागलं की मोबाइलवर प्रश्न सुरू होतात. नवरीच्या शालूचे फारसे नसतात, त्याबद्दल सल्ला द्यायला सगळं घर बसलेलं असतं. अडते ती आई. तिची साडी यादीत सगळ्यात खाली, उरलेल्या पैशांत आणि उरलेल्या वेळात. पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केलेत. एका उत्तरात सांगितलेलं दुसऱ्यात उगाळलेलं नाही, तिथे प्रश्नाचा क्रमांक दिलाय.

1. मुलीच्या आईला लग्नात नक्की किती साड्या लागतात?

विकत घ्यायच्या दोन. एक मुहूर्ताची आणि विधींची, दुसरी संध्याकाळच्या स्वागतसमारंभाची. हळदीला घरातली जुनी सुती किंवा पिवळसर साडी नेसा. त्या दिवशी हळद, तेल आणि नात्यातली लहान पोरं यातलं काहीतरी अंगावर येणारच. साखरपुडा वेगळ्या दिवशी असेल तर तिसरी, पण तीही नवीनच हवी असं काही नाही. शिवाय आहेरात साड्या येतात त्या वेगळ्याच (त्यांचं काय करायचं ते प्रश्न 9 मध्ये). पाच-सहा साड्या घेऊन बसलेल्या आया मी पाहिल्या आहेत. लग्नाच्या दिवशी त्यांना बदलायला वेळच मिळत नाही, कारण प्रत्येक वेळी पाहुण्यांकडून कुणीतरी बोलवायला येतं.

2. खरेदी कधी सुरू करावी?

तयार साडी घ्यायची असेल तर लग्नाच्या तीन महिने आधी. ब्लाऊज, फॉल, पिको आणि एकदा नेसून बघणं यातच सहा आठवडे जातात. लग्नसराईत चांगला शिंपी सरळ महिन्यानंतरची तारीख देतो, मीही देते.

येवल्याहून हातमागावर विणून घ्यायची असेल तर निदान सहा महिने धरा. साधं अंग आणि मोजक्या बुट्ट्या असतील तर विणकराला तीन-चार आठवडे पुरतात, पण तुमच्या आधीच्या साड्या मागावर असतात. पदर आणि अंग दोन्ही भरगच्च असेल तर एकाच साडीला कित्येक महिने लागतात.

आषाढातल्या सेलमध्ये घ्यावी का, असंही विचारतात. घ्या. मुहूर्त नसतात, दुकानं मोकळी असतात, विक्रेत्याला वीस साड्या उलगडून दाखवायला वेळ असतो. फक्त सेलची साडी पूर्ण उघडून, दिव्यासमोर धरून पाहायची, घडीच्या रेषेवर आणि काठाच्या जोडावर खास. सेलमध्ये बदलून मिळत नाही.

3. किती पैसे बाजूला ठेवावेत?

आकडा मी सांगणार नाही, क्रम सांगते. बस्त्याच्या पहिल्या दिवशीच, नवरीच्या शालूबरोबर, आईची मुहूर्ताची साडी घ्या. शेवटी ठेवली की "माझं काय, मला काहीही चालेल" सुरू होतं, आणि मग तेच काहीही पुढची तीस वर्षं अल्बममध्ये दिसतं. साडीच्या किमतीखेरीज ब्लाऊजची शिलाई, अस्तर, फॉल-पिको, पदराचे गोंडे आणि चांगला परकर हा खर्च धरून चाला. न शिवलेल्या साडीवर 5 टक्के जीएसटी लागतो, बिल घ्याच. पुढे काही निघालं तर हातात कागद हवा.

4. पैठणीच घ्यायला हवी का? सगळ्याच जणी पैठणीत असतात.

असतात खऱ्या, आणि म्हणूनच हा प्रश्न चांगला आहे. मांडवात पन्नास पैठण्या असतील तर त्यातली मुलीची आई कोण, हे फोटोवाल्यालाही विचारावं लागतं.

पैठणीची हौस असेल तर जरूर घ्या, मन मारू नका. पण केवळ रीत म्हणून घेत असाल तर इतर बरंच आहे. नारायणपेठ अंगाला हलकी, काठ ठसठशीत, दिवसभर वावरायला फार सोयीची. ती विणतात तेलंगणात, पण आपल्या आज्यांनी ती कधीच आपली करून घेतली. गढवालमध्ये अंग सुती आणि काठ-पदर रेशमी असाही प्रकार मिळतो, उन्हाळ्याच्या लग्नाला त्याच्यासारखं सुख नाही. विदर्भातल्यांनी आपली करवत काठी विसरू नये. नागपूर-भंडाऱ्याकडचं टसर, काठावर करवतीसारखे दात, रंग शांत. एप्रिलमधल्या नागपूरच्या लग्नात जड रेशमात घामाघूम होण्यापेक्षा ही केव्हाही बरी. सीमाभागात आणि सोलापूर-कोल्हापुरात रेशमी इरकल, लाल-पांढऱ्या टोपपदराची. कांजीवरम देखणी असतेच, पण वजन करून घ्या. भरजरी साडी किलोच्या आसपास जाते, आणि ते वजन दिवसभर एकाच खांद्यावर असतं.

5. पैठणी हातमागाची आहे की सेमी, हे दुकानात कसं ओळखायचं?

हा प्रश्न सर्वांत जास्त येतो, म्हणून जरा सविस्तर.

पदर उलटा करा. हातमागावरच्या पैठणीत पदरावरचा मोर, मुनिया (पोपट) किंवा आसावली (फुलांची वेल) रंगीत रेशमाचे धागे जरीच्या पार्श्वभूमीत एकमेकांत अडकवून विणलेली असते. त्यामुळे नक्षी दोन्ही बाजूंनी जवळजवळ सारखीच दिसते. मागून नख फिरवलं तर अडकत नाही. यंत्रमागावरच्या सेमी पैठणीत नक्षीचा धागा जिथे लागतो तिथे वर येतो आणि उरलेला मागे लोंबतो. तो कापला तर बारीक कापलेली टोकं दिसतात, नाही कापला तर लांब सुटे धागे. नथीच्या आकड्यात, अंगठीत अडकतात ते हेच.

काठाचा निकष मात्र इतका सरळ नाही, आणि इथेच फसगत होते. येवल्यात हातमागावर जॅकार्ड, म्हणजे नक्षीसाठी धागे उचलणारं यंत्र, लावून ब्रोकेडचा काठ विणतात. त्याच्या मागे धागे दिसतात, तरी साडी हातमागाचीच असते. म्हणून काठ मागून खरखरीत लागला की लगेच "नकली" म्हणू नका, पदर बघा. याउलट, अंग एका रंगाचं आणि दोन्ही काठ दुसऱ्या रंगाचे, जोडावर धागे एकमेकांत गुंतवलेले, अशी कडियल असेल तर ती तीन धोट्यांनी (धोटा म्हणजे आडवा धागा नेणारी नळी) विणलेली असते. तिची किंमत जास्त का, ते तो जोड जवळून पाहिला की कळतं.

हातमागाच्या साडीत सगळे मोर तंतोतंत एकसारखे नसतात. एखाद्याची मान किंचित बारीक, एखादं पान अर्ध्या धाग्याने पुढे. हा दोष समजून साडी परत करणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत. अहो, त्याचेच पैसे आहेत!

आता किंमत. शुद्ध रेशमाची, हातमागाची पैठणी कुणी चार-पाच हजारांत देत असेल तर ती तशी नाही, एवढं नक्की. साध्या बुट्ट्यांचीही 10-12 हजारांच्या खाली मिळाली तर दोनदा विचारा. भरगच्च अंगाची लाखाच्या पुढे सहज जाते.

सेमी पैठणी वाईट असते असं मुळीच नाही. संध्याकाळच्या समारंभाला, भाच्यांना-पुतण्यांना द्यायला उत्तम. फक्त सेमीचे पैसे देऊन सेमी घ्या.

6. सिल्क मार्क असला की निर्धास्त व्हायचं का? आणि जर खरी की खोटी?

सिल्क मार्क रेशीम शुद्ध आहे एवढंच सांगतो. ही खूण केंद्रीय रेशीम मंडळाच्या पुढाकाराने 2004 पासून आहे, लेबलवर होलोग्राम आणि क्रमांक असतो. साडी हातमागावरची आहे की यंत्रमागावरची, याबद्दल ती काहीच बोलत नाही. त्यासाठी हँडलूम मार्क वेगळा. पैठणीला भौगोलिक मानांकनही आहे, ते पैठण-येवल्याच्या परंपरेशी जोडलेलं. विक्रेता एक लेबल दाखवून तिन्ही गोष्टी सिद्ध झाल्यासारखं बोलतो, तेव्हा शांतपणे विचारा, "यातलं हे लेबल कशाचं?"

जर साधारण तीन प्रकारची असते. असली म्हणजे चांदीच्या तारेवर सोन्याचा मुलामा, टेस्टेड म्हणजे तांब्याच्या तारेवर मुलामा, आणि तिसरी प्लॅस्टिकच्या पट्टीवर चकाकी चढवलेली. आज बहुतेक नव्या साड्यांत टेस्टेड किंवा तिसरी असते. टेस्टेड जर नीट ठेवली तर वर्षानुवर्षं टिकते, त्यामुळे असलीचा हट्ट सगळ्यांनी धरायची गरज नाही. पण बिलावर "असली जर" लिहून द्यायला विक्रेता का-कू करत असेल तर उत्तर मिळालं असं समजा.

रेशमाची घरगुती परीक्षा: ब्लाऊजपीसच्या टोकाचा एक धागा काढून जाळा. रेशीम केस जळल्यासारखा वास देतं आणि राख बोटांत चुरते. पॉलिस्टर वितळून कडक मणी बनतो.

7. रंग कोणता घ्यावा? नवरीशी जुळवून की वेगळा?

नवरी मुहूर्ताला पिवळी अष्टपुत्री आणि नंतर शालू नेसणार असेल तर पिवळा आणि तिच्या शालूचा रंग हे दोन सोडा, बाकी तुमचं राज्य. नवरी-आई-बहीण एकाच छटेत हा प्रकार सध्या चालतो. फोटोत तो एखाद्या शाळेच्या स्नेहसंमेलनासारखा दिसतो, हे माझं वैयक्तिक मत. तिच्या साडीच्या काठाचा रंग तुमच्या अंगाला, किंवा उलट, एवढं नातं पुरेसं असतं. ती डाळिंबीत आणि तुम्ही मोरपंखीत, दोघींचे काठ सोनेरी.

वांगी, आमसुली, चिंतामणी, राणी, रामा हिरवा हे रंग पन्नाशीच्या पुढे चेहऱ्याला उजळ ठेवतात. फिकट मोतिया किंवा पारवा दुकानात खानदानी वाटतो, पण मांडवातल्या पिवळ्या दिव्यांखाली मळका दिसू शकतो. साडी दुकानाच्या दारात नेऊन उजेडात बघा, आणि मग आतल्या दिव्यांखाली मोबाइलवर एक फोटो काढा. धूपछाँव साडीत, म्हणजे उभे-आडवे धागे वेगळ्या रंगांचे असतात तेव्हा, हे फार महत्त्वाचं, कारण फोटोत तिसराच रंग येतो.

काळा मुहूर्ताला बहुतेक घरांत नेसत नाहीत, चंद्रकळा संक्रांतीसाठी ठेवा. संध्याकाळी काळपट निळा किंवा गडद वांगी कुणाला खटकत नाही. पांढऱ्याबद्दल प्रश्न 15 आणि 16 पाहा, तिथे नियम उलटसुलट होतात.

8. विहीणबाईंची साडी आमच्याकडून जाणार आहे. माझी त्यांच्यापेक्षा भारी दिसली तर वाईट दिसेल का?

नाही. त्यांची साडी मानाची, तुमची तुमच्या मुलीच्या लग्नाची. पण एक करा: त्यांना फोन करून कोणता रंग आवडेल ते विचारा, आणि बोलता बोलता स्वतःचा रंग सांगून टाका. "मी जांभळी घेतेय, तुम्हाला कोणती पाठवू?" एवढ्या एका वाक्याने लग्नानंतरचे वर्षभराचे टोमणे वाचतात. वरमायेला बऱ्याचदा स्वतःला हवी तीच साडी हवी असते. दोघींनी मिळून दुकानात जाणं जमलं तर सर्वांत बरं, बिल कोण भरणार ते मात्र निघण्याआधी ठरवा.

9. भावाने आणलेली साडी, मुलाकडून आलेली साडी... या नेसाव्याच लागतात का? मग माझी कधी नेसू?

लग्नाआधीच्या घरच्या आहेरात भाऊ माहेरची साडी आणतो. बऱ्याच घरांत ती देवकाला किंवा ग्रहमखाला (लग्नाआधीच्या ग्रहशांतीला) नेसतात. काही घरांत मुलाकडून वधूच्या आईला मानाची साडी येते, जुन्या बायका तिला पोटझाकणी म्हणतात. ती तेव्हाच नेसायची की नुसती स्वीकारायची, हे घराघरांवर आहे.

मार्ग साधा आहे. भावाला आधीच सांगा की देवकाच्या दिवशी ती नेसणार, आणि दुकानात त्याच्याबरोबर तुम्हीच जा. भावांना साडीतलं कळत नाही असं नाही, पण त्यांना दुकानातला पहिला ढीग संपवायची घाई असते. पोटझाकणी ऐनवेळी हातात येते, ब्लाऊज शिवलेला नसतो. त्यासाठी सोनेरी किंवा लाल असा एक सर्वांना जाणारा ब्लाऊज शिवून ठेवा. खांद्यावर पदर घेऊन मान राखण्याची रीत असेल तर तेही पुरतं.

10. नऊवारी नेसू का? गुडघे दुखतात, आणि नेसवणारी कुणी नाही.

नऊवारी म्हणजे साधारण सव्वाआठ मीटर कापड. नेहमीची सवय असेल तर तिच्यासारखी मोकळी साडी नाही. काष्टा असल्यामुळे पाटावर बसणं-उठणं, जिने चढणं, सगळं सोपं. सहावारीत निऱ्या पायात येतात, नऊवारीत तो प्रश्नच नाही. गुडघ्यांच्या दृष्टीने नऊवारीच बरी, हे ऐकून लोकांना आश्चर्य वाटतं.

अडचण सवयीची आहे. कधीच नेसली नसेल तर मुलीच्या लग्नात पहिला प्रयोग नको. शिवलेल्या नऊवारीत ब्राह्मणी, पेशवाई असे प्रकार मिळतात, पाच मिनिटांत अंगावर चढते. पण दोन गोष्टी विचारून घ्या. कंबरेला नाडी आहे की फक्त हुक? दिवसभरात पोट फुगतं, नाडी हवी. आणि स्वच्छतागृहात जाताना काय करायचं? शिवणाऱ्या बाईला हे थेट विचारा, लाजू नका. मूळ हातमागाची पैठणी मात्र कापून शिवायला देऊ नका. त्यासाठी सेमी घ्या.

11. ब्लाऊज नेहमी बिघडतो. काय सांगू शिंप्याला?

आता माझ्या विषयावर आलात.

माप लग्नाच्या दोन महिने आधी द्या, पण शेवटची फिटिंग पंधरा दिवस आधीच करा. मुलीच्या लग्नाच्या धावपळीत आई हमखास बारीक होते, किंवा केळवणं खाऊन उलट होतं. म्हणून शिवणीत दोन्ही बाजूंना इंचभर माया, म्हणजे आत दुमडलेलं जास्तीचं कापड, ठेवायला सांगा. रेशमी ब्लाऊजपीसला माया नसेल तर उसवून सैल करता येत नाही, आणि टीप काढल्यावर जुन्या शिवणीची भोकं दिसतात.

अस्तर सुती. साटीनचं अस्तर दुकानात गुळगुळीत लागतं आणि मांडवात घामाने अंगाला चिकटतं. पन्नाशीच्या आसपास अंगातून अचानक गरम वाफा येतात, हे शिंप्याला सांगायला बायका संकोचतात. सांगू नका, नुसतं म्हणा, "मुंढा थोडा मोकळा, काखेत सुती पट्टी लावा." तो समजतो.

फिटिंगच्या वेळी आरशासमोर ताठ उभं राहून "छान आहे" म्हणू नका. खाली पाटावर बसा. अक्षता टाकायला करतो तसे दोन्ही हात वर करा. ओटी भरायला वाका. बाही दंडात रुतते, पाठ वर सरकते, पुढचं हुक उघडतं, ते तेव्हाच कळतं. लग्नाच्या दिवशी आई दोन मिनिटं मंचावर आणि बाकी सारा वेळ वाकलेली, बसलेली किंवा धावत असते. ब्लाऊज त्या वेळेसाठी शिवायचा.

काठ बाहीला लावायचा असेल तर बाहीची लांबी कोपराच्या वर की खाली ते आधी ठरवा. कोपरावर येणारा जरीचा काठ दिवसभर टोचतो. पाठीवर लटकन, गोंडे, मोती हे नवरीसाठी ठेवा. तुम्हाला खुर्चीला टेकायचं आहे.

फॉलची सुती पट्टी लावण्याआधी भिजवून वाळवलेली आहे का, तेवढं विचारा. नाहीतर पहिल्या धुलाईत ती आटते आणि साडीची कड गोळा होते.

12. कन्यादानाला होमाजवळ बसायचं आहे. कोणतं कापड टाळू?

पॉलिस्टर, आणि कृत्रिम धाग्याचं जॉर्जेट किंवा नेट. ठिणगी पडली तर ते वितळून कातडीला चिकटतं. रेशीम आणि सूत तसं करत नाही, आणि विधीला सोवळं म्हणून रेशीम चालतंच. पदर पिनने खांद्यावर पक्का करून कंबरेला खोचा. पिन थेट पैठणीत टोचू नका, आतून कापडाचा लहान तुकडा ठेवून त्यातून घाला, म्हणजे ताण आला तरी रेशीम फाटत नाही. तुमच्या पदराला आणि यजमानांच्या उपरण्याला गाठ मारणार असतील तर पदर जरा लांब सोडा. उठताना दोघांनी एकदम उठायचं, हे त्यांनाही सांगून ठेवा.

13. आईची जुनी पैठणी आहे. ती नेसली तर चालेल ना?

चालेल काय, धावेल! आधी घडी उघडा. रेशीम वर्षानुवर्षं एकाच रेषेवर दुमडून राहिलं की तिथेच चिरतं. घडीच्या रेषेवर दोन बोटांनी हलका ताण द्या. चर्र आवाज आला किंवा धागे सुटले तर ती साडी निऱ्यांचा ताण सोसणार नाही. मग काठ-पदर काढून नव्या रेशमी अंगावर जोडून घेता येतात, येवल्याकडे आणि मोठ्या शहरांत हे काम करणारे आहेत. एखाद-दुसरं छिद्र असेल तर चांगला रफू करणारा शोधा.

जर काळी पडली असेल तर घरी चिंच, दात घासायची पावडर असले प्रयोग नकोत. आणि जुनी जरीची साडी बोहारणीला भांड्यांवर देऊ नका. असली जर असेल तर त्यात चांदी आहे.

14. ऑनलाइन घ्यावी का?

संध्याकाळची साडी घ्या, मुहूर्ताची नको. घ्यायचीच झाली तर पदराच्या मागच्या बाजूचा व्हिडिओ दिवसाउजेडात मागवा (काय पाहायचं ते प्रश्न 5 मध्ये), परतीची अट वाचा आणि पार्सल उघडताना चित्रण करा.

15. मुलीचं लग्न परदेशात आहे, जावई तिकडचे, चर्चमध्ये सोहळा आहे. साडीच नेसू की गाऊन घेऊ?

साडीच, तुम्हाला त्यात सहज वाटत असेल तर. तिथे वधूची आई उठून दिसावी अशी अपेक्षाच असते. नवरी पांढऱ्यात असणार, त्यामुळे पांढरा, मोतिया आणि फिकट सोनेरी टाळा. तिकडची जुनी रीत अशी की वधूच्या आईने आधी रंग ठरवायचा आणि वराच्या आईला कळवायचा, म्हणजे प्रश्न 8 चा फोन इंग्रजीत करायचा.

थंडी असेल तर पूर्ण बाहीचा ब्लाऊज, आतून पातळ गरम थर आणि वरून पश्मिना. स्वेटर नको. बुटांची उंची ठरवून मगच फॉल लावा. साडी हातातल्या सामानात न्या, मोठी बॅग हरवली तर तिथे पैठणी मिळायची नाही. जे इथेच, गोव्यात किंवा वसईत, ख्रिस्ती पद्धतीच्या लग्नाला उभे आहेत त्यांनाही रंगाचं हेच लागू.

16. बौद्ध पद्धतीने किंवा नोंदणी पद्धतीने लग्न आहे. वेगळं काही?

बौद्ध विवाहात वधूवर पांढऱ्या वस्त्रांत असतात आणि मोठ्यांनीही पांढरं नेसलेलं शोभतं. निळ्या काठाची पांढरी रेशमी किंवा सुती साडी फार देखणी दिसते. होम नसल्यामुळे प्रश्न 12 तुम्हाला लागू नाही. नोंदणी पद्धतीच्या लग्नात कार्यालयात रांग, जिने आणि थांबणं असतं, तिथे हलकी साडी. भारी साडी संध्याकाळच्या जेवणाला.

17. माझे यजमान नाहीत. मी भारी साडी, हिरवा चुडा, गजरा... लोक काय म्हणतील?

हा प्रश्न नेहमी रात्री उशिरा येतो, आणि अर्धवट लिहिलेला असतो.

नेसा. आवडत्या रंगाची, जरीची, पैठणी हवी असेल तर पैठणी. लेकीला वाढवलं तुम्ही, लग्न उभं केलं तुम्ही. मे 2022 मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला, आणि त्याच महिन्यात राज्य सरकारने इतर ग्रामपंचायतींनीही तसं करावं असं परिपत्रक काढलं. नातेवाईक बोललेच तर हे सांगायला हाताशी असू द्या.

विधींचं गुरुजींशी आधी, समक्ष बोला. आईने एकटीने कन्यादान करायला काही गुरुजी तयार असतात, काही नसतात. पुण्यात ज्ञानप्रबोधिनीने तयार केलेल्या स्त्री पुरोहितही आहेत. ओटी, औक्षण कोण करणार हे ऐनवेळी कुणा काकूंवर सोडू नका. लेकीने स्वतः "आईच करेल" म्हटलं की मांडवात वाद होत नाही. कुंकू, चुडा, गजरा यातलं काय घ्यायचं आणि काय नाही, ते फक्त तुम्ही ठरवायचं. नको असेल तर नको, तेही ठीकच.

18. मुलगी म्हणते, "आई, काकूबाई दिसतेस," आणि मला तिने सांगितलेलं आवडत नाही.

तिला ब्लाऊज निवडू द्या, साडी तुम्ही निवडा. बहुतेक वेळा तिचा आक्षेप साडीला नसतो, ढगळ ब्लाऊज आणि वर नेसलेल्या निऱ्यांना असतो. नीट शिवलेला ब्लाऊज, पायघोळ नेसणं आणि चांगला परकर, एवढ्याने तीच साडी तिला आवडते. तरीही ती ऐकत नसेल तर संध्याकाळची साडी तिच्या मनाची घ्या. मुहूर्ताच्या साडीवर तडजोड करू नका.

19. हळदीचा, कुंकवाचा डाग पडला तर? आणि नंतर साडी कशी ठेवायची?

कुंकू आणि रंगीत अक्षता सुक्या असतील तर झटका, चोळू नका. हळदीच्या डागावर साबण अजिबात नको, तो लागला की डाग लाल होतो. टिपकागद किंवा सुती रुमाल नुसता दाबा आणि ड्रायक्लीनला देताना डाग कशाचा, ते सांगा. तेलावर लगेच टाल्कम पावडर टाकून ठेवा. अत्तर साडी नेसण्याआधी अंगाला, जरीवर कधीच नाही.

लग्न उरकल्यावर साडी घामेजलेली तशीच घडी करून कपाटात जाते, कारण कुणालाच त्राण नसतं. निदान एक रात्र सावलीत पसरून ठेवा. मग जुन्या मऊ सुती कापडात गुंडाळा, प्लॅस्टिकच्या पिशवीत नको, हँगरवर नको. डांबराच्या गोळ्या जरीला लागू देऊ नका. दर तीन-चार महिन्यांनी घडी बदला, आणि ब्लाऊजही साडीबरोबरच ठेवा. पुढच्या लग्नाच्या सकाळी साडी मिळते आणि ब्लाऊज सापडत नाही, मग मला फोन येतो.